आबांचा गॉगल

गिरणेच्या पात्रात आमचं वर्षातल्या सहा-सात महिन्यांचं घर असायचं. भडगावात चार भिंतींचं एक घर होतं, पण ते पावसाळ्यापुरतं. दिवाळीनंतर नदीचं पाणी ओसरलं की आबा, माय आणि मी असे तिघं वाळूत उतरायचो, ते पुन्हा आभाळ भरून येईपर्यंत. तुराट्यांचा कूड, वर पळसाच्या पानांचं छप्पर, दाराला गोणपाट. बाहेर तीन दगडांची चूल, आणि चुलीपासून थेट पाण्यापर्यंत आमची टरबुजांची वाडी. वाळूत हातभर खोल खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत घालायचं, बी टोचायचं, आणि मग वेल वाळूवर पसरेपर्यंत रोज डब्यानं पाणी घालत राहायचं. शाळेत जायच्या आधी माझे वीस डबे ठरलेले होते. ते चुकले तर माय काही बोलत नसे, पण दुपारच्या भाकरीवर तेल पडत नसे. एवढ्यावरून समजायचं.

खायला काय, तर ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि फाल्गुन लागला की टरबूज. भाकरीबरोबर टरबूज खाणारी माणसं मी नंतर फारशी पाहिली नाहीत. धुळ्याच्या होस्टेलवर मी तसं खाल्लं तेव्हा मुली तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. वाडीत आवाज म्हणाल तर सकाळी टिटवी, दिवसभर डब्यातून पडणाऱ्या पाण्याचा, आणि तोडणीच्या दिवसांत आबांच्या बोटांचा. आबा टरबुजाशी उकिडवे बसत, मधलं बोट वाकवून टक् टक् असं दोनदा वाजवत आणि मान तिरकी करून ऐकत. कच्चं फळ टणक वाजतं, पिकलेलं जरा खोल. मला तो फरक आजही कळतो. बाजारात मी टरबूज वाजवायला लागले की माझी सून दुसऱ्या गाडीकडे निघून जाते.

उजेडाबद्दल मात्र मला नीट सांगितलं पाहिजे, कारण हे सगळं प्रकरण त्याचंच आहे. खानदेशातलं ऊन कसं असतं हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण नदीपात्रातलं ऊन वेगळं. ते वरून येतं तसंच खालूनही येतं. वाळू पांढरी, बाजूला पाणी, आणि दोन्हींकडून उजेड उसळून डोळ्यांत घुसतो. डोक्यावर टापशी बांधा नाहीतर छत्री धरा, खालचं ऊन काही चुकत नाही. आबांचे डोळे चैत्र लागला की लालभडक होत. माय दुधात भिजवलेली कापडाची घडी त्यांच्या डोळ्यांवर ठेवायची आणि ते झोपडीत पडल्या पडल्या म्हणायचे की आता बरं वाटतंय. तासाभरात पुन्हा वाळूत. पाण्यापलीकडच्या बेटावरही आमची अर्धी वाडी होती. तिथं जायला एक सपाट बुडाची होडी होती, ती आबा बांबूनं रेटत. त्या वेळी समोरचं पाणी नुसतं आरशासारखं चमकत असायचं.

आबांची अंघोळ दुपारची. पहाटेपासून पाणी घालून झालं की ऊन माथ्यावर येई, तेव्हा ते नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून अंघोळ करत आणि तांब्यानं सूर्याला पाणी देत. त्याशिवाय भाकरीला हात लावत नसत. पाणी देताना डोळे मिटलेले आणि मान खाली. लहानपणी मी विचारलं होतं की ज्याला पाणी देता त्याच्याकडे बघत का नाही. त्यावर माय म्हणाली होती, "देवाकडे असं डोळे लावून पाहू नये बाई." तेव्हा ते मला देवाधर्माचं बोलणं वाटलं होतं. त्यात डोळ्यांची काळजीही होती हे कळायला मला फार जबर किंमत द्यावी लागली, आणि ती माझ्याऐवजी आबांनी दिली.

शिक्षिका होण्यासाठी मी धुळ्याला डी.एड.ला गेले. तिथं फळ्यावरचं दिसेना म्हणून चष्मा लागला, आणि चष्म्यामुळे हमीदभाईंची ओळख झाली. बाजारातल्या एका बोळात त्यांचं हातभर रुंद दुकान होतं. दाराशी काच घासायचं चाक, आत एक बाक, आणि भिंतीला लहान लहान खणांचं लाकडी कपाट. हमीदभाई काच घासताना बोलत नसत. चाक थांबलं की मगच तुमच्याकडे बघत. त्यांना मी आबांच्या डोळ्यांचं सांगितलं. त्यांनी बारीकसारीक विचारलं. काम वाळूत की मातीत, पाण्यावर किती वेळ, चेहरा रुंद की उभा. मग म्हणाले, "बेटी, काच काळी करणं सोपं काम आहे. कुणीबी करेल. ऊन अडवणारी काच वेगळी असते, ती मला मुंबईहून मागवावी लागेल. बाजूनं पण झाकणारी फ्रेम लावू. पंधरा दिवस दे."

मी हो म्हटलं. पण होळी आठ दिवसांवर होती आणि मला होळीला रिकाम्या हातानं जायचं नव्हतं. आता वाटतं, आबांना माझ्या हाताकडे बघायची सवयच नव्हती, ते तोंडाकडे बघायचे. पण मी अठरा-एकोणीस वर्षांची होते, शहरात राहून आले होते आणि शहरातून काहीतरी घेऊन आले असं दिसायला हवं होतं. धुळ्याच्या बसस्टँडबाहेर एक गाडीवाला गॉगल विकत उभा असायचा. त्याच्या गाडीवर शंभरेक गॉगल उन्हात लखलखत होते. मी सगळ्यात काळा मागितला. तो म्हणाला, "ताई, डोळ्याला लावा आणि सूर्याकडे बघा. बघता आलं तर माल अस्सल." त्या काळी सगळे अशीच परीक्षा करत. मी लावला आणि बघितलं. सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा गोल, शांत दिसला. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मला इतकं नवल वाटलं की भडगावची बस लागली तरी मी बघत होते. हमीदभाईंना दिलेला होकार मी मनातून तिथंच पुसून टाकला. पंधरा दिवसांचं काम माझं पाच मिनिटांत झालं होतं.

आबांनी गॉगल हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत माझ्या हातात दिला. आमच्याकडे गॉगल दोघांनीच घालायचा असतो. एक घोड्यावरच्या नवरदेवानं आणि दुसरा मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्यानं. मधल्या माणसानं घातला की लोक त्याला नावं ठेवणार.

"मी काय नवरदेव शे का?" आबा म्हणाले. "गावमा लोके हासतीन."

"पोरनी धुयाथीन आनेल शे," माय चुलीपाशी बसून म्हणाली. "घाला ना."

मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं. "आबा, मनी आन शे तुमले. वाळूमा पाय ठेवा का गॉगल डोयावर."

वाळूत पाय ठेवला की गॉगल डोळ्यावर, ही मुलीनं घातलेली शपथ मोडणारा माणूस तो नव्हता. आबांनी गॉगल घातला. मी त्यांना हाताला धरून झोपडीबाहेर नेलं आणि गाडीवाल्याचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, की सूर्याकडे बघा, बघता आलं तर माल अस्सल. हे मी म्हटलं. इतर कुणी नाही. इतकी वर्षं मास्तरीण म्हणून मी मुलांना हजारो वाक्यं शिकवली असतील, पण माझं सगळ्यात नीट शिकलं गेलेलं वाक्य तेच.

त्या दुपारी ते अंघोळीला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. भाकरी गार झाली म्हणून मी बोलवायला गेले. आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, उघडं अंग, डोळ्यांवर गॉगल, आणि मान वर. तांब्यातलं पाणी कधीच सांडून गेलं होतं, तरी हात तसेच उचललेले. मी हाक मारली तेव्हा ते वळले. आबांना हसताना मी पुष्कळ वेळा पाहिलं होतं, पण ते हसू निराळं होतं.

"सूर्यनारायणनं तोंड देखं आज," ते म्हणाले. "बठ्ठा गोल शे. इतला साल पानी दिधं, पन तोंड आज देखं."

मला केवढा आनंद झाला. आपल्या बापाला आपण देव दाखवला असं वाटलं. पुढचे चार दिवस मी घरी होते आणि चारही दिवस ते तसेच पाण्यात उभे राहिले. मी काठावर बसून कौतुकानं बघत होते. नंतर मी धुळ्याला परत गेले. हमीदभाईंच्या बोळातून जायला लाज वाटायची म्हणून कॉलेजला जायचा रस्ता बदलला. माझ्या चष्म्याची काडी ढिली झाली तरी दोरा गुंडाळून वापरली, पण त्यांच्याकडे गेले नाही.

आता मी धुळ्यातच असते. माझेही मोतीबिंदू काढून झाले. रस्त्याच्या कडेला गॉगलची गाडी दिसली की माझे पाय थांबतात, आणि कुणी पोरगा गॉगल लावून सूर्याकडे मान करायला लागला की मी त्याचा दंड धरते. नातवंडं याला आजीचं भाषण म्हणतात. ती धरणावर होडीत बसायला निघाली की मी ते भाषण पुन्हा करते. काळेपणावर जाऊ नका, ऊन अडवते असं लिहिलेली, खात्रीच्या दुकानातली काच घ्या. डोळ्यांच्या बाजू झाकल्या पाहिजेत, कारण पाण्यावरून ऊन खालून नि बाजूनं येतं. टोपी घाला. आणि कितीही चांगला गॉगल असला तरी सूर्याकडे बघायचं नाही. त्यांना हे पाठ झालं आहे. पाठ झालं तरी चालेल, मी म्हणते, फक्त करा.

गॉगल दिला त्याच्या पुढच्या वर्षीच्या होळीला मी घरी गेले तेव्हा आबा माझ्याशी बोलताना तोंड वळवत होते. म्हणजे माझ्याकडे सरळ न बघता माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत होते. मला वाटलं, माझ्यावर रुसले. मायही म्हणाली की हल्ली ते असंच करतात, कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. टरबुजं मात्र पूर्वीसारखीच वाजवत होते आणि एकही कच्चं तोडलं नव्हतं. त्यामुळे कुणाच्या मनात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेटावरची तोडणी होती. होडी टरबुजांनी भरली, मी पुढं बसले, आबा मागं बांबू घेऊन उभे. मी आलेली म्हणून की काय, गॉगल घातलेला होता. पाण्याच्या मधोमध जुन्या बंधाऱ्याचा एक दगडी खांब होता. माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. चाळीस वर्षं आबा त्याला वळसा घालून जात होते, आणि त्या दिवशी होडी सरळ त्याच्यावर चालली होती. मला वाटलं, आता वळवतील, आता वळवतील. मी मागं बघितलं. आबा त्या खांबाकडेच बघत होते. अगदी सरळ, शांतपणे बघत होते आणि बांबू रेटत होते. मी ओरडेपर्यंत होडी धडकली होती.

पाणी छातीएवढंच होतं, आम्हाला काही झालं नाही. होडी कलंडली आणि टरबुजं पाण्यात गेली. टरबूज बुडत नाही. हिरवी हिरवी फळं ओळीनं खाली वाहत चालली आणि आबा पाण्यात उभे राहून त्यांच्याकडे बघायचा प्रयत्न करत होते. मान डावीकडे, मान उजवीकडे. एक फळ त्यांच्या हाताजवळून गेलं, त्यांनी हात घातला तो वीतभर बाजूला.

"आबा, खांब दिखना नही का तुमले?"

आबा म्हणाले, "मी जठे देखस, तठेच दिखत नही, बेटा. कडेनं बठ्ठं दिखस. मझारमा काया ठिपका शे."

म्हणजे जिथं नजर लावावी नेमकं तिथंच दिसत नव्हतं. कडेचं सगळं दिसे आणि मधोमध काळा ठिपका. मी कधीपासून म्हणून विचारलं. गेल्या वर्षापासून, ते म्हणाले. आणि लगेच, "मायले सांगू नको." तो ठिपका केवढा आहे असं विचारल्यावर त्यांनी हात लांब केला आणि बोटांनी एक गोल दाखवला. टरबुजाच्या फुलाएवढा. मला धुळ्याच्या स्टँडवरची ती तांब्याची ताटली आठवली. माझ्या तोंडाकडे बघितलं तर त्यांना माझं तोंडच दिसत नव्हतं. म्हणून कानाकडे बघत होते, कारण तसं बघितलं तर मी दिसत होते.

धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आबांच्या डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि बराच वेळ आत बघितलं. मग विचारलं, "काका, सूर्याकडे एकटक बघायची सवय आहे का?"

मी सगळं सांगितलं. अंघोळ, पाणी देणं, गॉगल, सगळं. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध भाजल्याचा डाग आहे, दोन्ही डोळ्यांत. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे माणूस क्षणभरच बघू शकतो, डोळा आपला आपण मिटतो. काळ्या काचेआड डोळ्याला अंधार वाटतो, बाहुली उघडते, त्रास होत नाही म्हणून माणूस बघत राहतो, आणि न दिसणारं ऊन आत जाऊन जाळतं. मी विचारलं की औषध काय. तो म्हणाला, "यावर औषध नाही. कधी कधी थोडं आपोआप सुधारतं. पण आता उरलंय ते जपा. चांगला गॉगल करून घ्या."

चांगला गॉगल कुठं मिळतो हे मला ठाऊक होतं. वर्षभर टाळलेल्या त्या बोळात मी आबांना हाताला धरून नेलं. औषधामुळे त्यांना उजेड सहन होत नव्हता, म्हणून त्यांनी उपरण्यानं अर्धं तोंड झाकलं होतं. हमीदभाईंचं चाक चालू होतं. ते थांबलं, त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते. हमीदभाई उठले, भिंतीच्या कपाटातला एक खण ओढला आणि कागदाची पुडी काढली. पुडीवर लिहिलं होतं, भडगाव, वाडीवाले आबा. गेल्या होळीनंतर आठ दिवसांनी तो गॉगल तयार झाला होता आणि तेव्हापासून तिथं पडून होता.

"येशील कधीतरी म्हणून ठेवला," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

मी बाकावर बसले आणि रडायला लागले. आबांना माझं रडणं दिसलं नसेल, पण ऐकू आलं. ते माझ्या बाजूला चाचपडत बसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"येडी शेस का," ते म्हणाले. "तुना गॉगल मी कोठे इतला घालू. तू उनी का घालू, तू गई का काढी ठेवू. मनमा काही आनू नको."

म्हणजे मी आले की घालायचे, मी गेले की काढून ठेवायचे. वर्षातून चार वेळा, तेवढ्यापुरतं. मला एकदम हलकं वाटलं. मग हा डाग माझ्यामुळे नसेल. उघड्या डोळ्यांनी चाळीस वर्षं वाळूत काढली, त्यानं झाला असेल. मी नाक पुसलं. मला ते खरं मानायचं होतं, आणि दोन-चार मिनिटं मी ते खरं मानलंही.

हमीदभाईंनी आबांना दाराशी उजेडात बसवलं, उपरणं मागं सारलं, डोक्यावरची टोपी काढली आणि नवा गॉगल लावून बघायला वाकले. आणि वाकलेलेच थांबले. म्हणून मीही बघितलं. आबांचा चेहरा उन्हानं तव्यासारखा काळा पडलेला होता, आणि त्या काळ्या कातडीवर डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत बोटभर रुंद गोरी पट्टी होती. दोन्ही बाजूंना. नाकाच्या दोन्ही अंगाला तसेच दोन गोरे ठिपके. हंगामभर रोज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, वाळूत पाय ठेवल्यापासून वाळूतून पाय काढेपर्यंत घातल्याशिवाय गॉगलची अशी खूण उमटत नाही. माझी शपथ त्यांच्या कानशिलावर लिहिलेली होती.

नव्या गॉगलची काडी बारीक होती, पट्टी तिच्या खालून दिसत होती. हमीदभाईंनी काडी दिव्यावर गरम केली, जरा वाकवली आणि पुन्हा लावली. उपरणंही पुढं ओढून दिलं. आता काही दिसत नव्हतं.

"आते बरं वाटस," आबा म्हणाले. मग माझ्या कानाच्या बाजूला बघत त्यांनी विचारलं, "रडी राहिनी का अजून?"

"नाही," मी म्हटलं. "बरं झालं आबा, तुम्ही तो रोज घातला नाहीत."